दुसऱ्या अंकात आलेला बाप

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील तमाम भाऊबंद, सोयरेधायरे आणि हितचिंतक यांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, गेल्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, मी पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले आणि साधारण चार मिनिटांनी कायमचा निवृत्त झालो. याबाबत ओतूरच्या एसटी स्टँडवर जे सांगितलं जातं, ते खरं नाही. खरं त्याहून वाईट आहे.

ओतूरला माझं दुकान आहे. ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप, असला माल. पण त्यासाठी मला कोणी ओळखत नाही. दोन्ही तालुक्यांत मला ओळखतात निवेदक म्हणून.

आमच्याकडच्या लग्नाची रीत बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी असतात, मांडवभर लोकांच्या मुठीत अक्षता असतात, भटजी घड्याळाकडे बघत असतात, आणि नेमका तेव्हा निवेदक माईकवर सत्कार घेत असतो. मुलीकडचे ज्येष्ठ, मुलाकडचे ज्येष्ठ, मामा, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन. नाव पुकारलं की त्यानं पुढे यायचं, शाल-नारळ घ्यायचा, हात जोडायचे. एखाद्याचं नाव राहिलं तर तो न जेवता निघून जातो. आणि पुकारूनही कोणी पुढे आलं नाही, तर ती त्या घराची नाचक्की. मुहूर्त टळला तर चालतो (मुहूर्ताला भाऊबंद नसतात).

हे काम मी पंचवीस वर्षं विनामोबदला करतोय. लोक म्हणतात, थांबायचा मोबदला घेत असशील तर बोल.

तर माझी मुलगी अंकिता पुण्यात नोकरी करते. तिच्याच ऑफिसात निखिल नावाचा मुलगा आहे. दोघांचं आपापसांत ठरलं होतं, आमची ना नव्हती. निखिलचं घर मूळ घोडेगावकडचं, पण दोन पिढ्या पुण्यात मुरलेलं. राहिला होता तो फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार. मुलगी त्यांनी पाहिली होती, पसंतही होती. मुलीची माणसं पाहायची राहिली होती. म्हणजे आम्ही.

निखिलच्या आई सुनंदाताई शाळेतून निवृत्त झालेल्या. नाटकाच्या भयंकर वेड्या. त्यांनीच फोनवर सुचवलं, "घरी नको भेटायला. पोहे खाताना सगळेच शहाणे दिसतात. आपण नाटकाला भेटू. माणूस कुठे हसतो, कुठे मोबाईल काढतो, कुठे झोपतो, त्यावरून कळतो तो."

आता माझ्यासारख्याला नाटकाला बोलावणं म्हणजे उसाच्या फडात हत्तीला बोलावणं. मी रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान लोक राशिभविष्य वाचतात तसं वाचतो. आणि मे महिन्यातलं पुणं काय असतं म्हणून सांगू. सकाळी पोरांची नाटकं, त्यांत भुतं, राक्षस, बोलणारी झाडं. साडेबाराला दोन अंकी, साडेपाचला दोन अंकी, रात्री पुन्हा दोन अंकी. एका थिएटरात चार नाटकं, आणि अशी थिएटरं गावभर. शिवाय कुठे गाण्याची मैफल, कुठे कथक, कुठे बाहुल्यांचा खेळ, कुठे एकच तरुण माईक धरून दीड तास स्वतःच्या आईवडिलांची टिंगल करतोय आणि लोक तिकीट काढून ती ऐकतायत. (आमच्याकडे हे पारावर फुकट चालतं, पण पारावर एसी नाही.)

नारायणगावच्या तमाशाच्या फडांच्या परिसरातला माणूस मी. आम्हाला कलेचं कौतुक कोणी शिकवायला नको. पण आमच्याकडे जत्रा गावाला वर्षातून एकदा येते. पुण्यात ती उन्हाळाभर रोज, दिवसातून चारदा येते आणि जागेवर नंबर टाकलेले असतात. मी हे मनापासून सांगतो: मला या शहराची वाहतूक आवडत नाही, पाट्या आवडत नाहीत, पण त्या एका पानासाठी मी त्याला सगळं माफ केलंय.

आदल्या दिवशी अंकिताचा फोन आला.

"पप्पा, नीट ऐका. सत्कार नाही. शाल नाही. नारळ नाही."

"बरं."

"ते होकार देणार असतील तर नाटक झाल्यावर चहा घेताना देतील. तोवर व्याही, सोयरीक, सुपारी हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्यांना गळेपडूपणा आवडत नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"आणि माईक दिसला तर हात लावायचा नाही."

"नाटकात प्रेक्षकांच्या हातात माईक कुठं देतात?"

"म्हणून तर नाटकाला हो म्हटलं मी."

स्वयंपाकघरातून माझी बायको मंगल म्हणाली, "मी त्यांना कडेला बसू देणार नाही." ते वाक्य तिनं पाळलं असतं, तर ही आठवण लिहिण्याची वेळ आली नसती.

रविवारी सकाळी निघालो. वाटेत नारायणगावला माझी थोरली बहीण आक्का गाडीत बसली. ती खोडदची. तिच्या वावराच्या बाजूला त्या आभाळातलं ऐकणाऱ्या प्रचंड अँटेना आहेत. त्या तारे-ग्रह ऐकतात, बाकीचं आक्का ऐकते. भाचीचं काहीतरी शिजतंय, हे तिला आम्ही सांगितलेलं नव्हतं, तरी ती इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती.

"पिशवीत काय आक्का?" मी विचारलं.

"शाल, नारळ, फेटा. आन् डब्यात मासवडी."

"अगं, अंकिता नको म्हणालीय."

"तिला काय कळतंय? पावण्यांपुढं रिकाम्या हातानं जायचं? आपण काय लाइटीची बिलं वाटाया चाललोय का?"

मंगल म्हणाली, "आक्का, पिशवी गाडीतच ठेवू."

"ठिऊ की," आक्का म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. चाकणला गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी चालली, तेव्हाही ती मांडीवरच होती.

थिएटरच्या दारावर पिशवी उघडली गेली. दारावरचे गृहस्थ नम्र पण पुणेरी होते. मासवडीचा डबा त्यांनी बाजूला काढून टेबलाखाली ठेवला. मग नारळ वर धरून म्हणाले, "खाद्यपदार्थ आत चालत नाहीत."

"नारळ खायचा नाय," आक्का म्हणाली. "त्यो मानाचा हाये."

"फोडलात तर खाद्यपदार्थ होईल."

"तुमच्या खुर्च्यांवर फोडू का काय?"

त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं आणि नारळ परत पिशवीत ठेवला. इतिहास अशाच छोट्या छोट्या माघारींनी घडतो.

निखिल आणि त्याचे आईवडील आत भेटले. सुनंदाताई ठसठशीत बोलणाऱ्या, चष्म्यातून थेट बघणाऱ्या. निखिलचे वडील वसंतराव मात्र अगदीच अबोल. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मी उन्हाळ्याबद्दल बोललो, त्यांनी मान हलवली. माझ्यासारख्या माणसाला असा श्रोता म्हणजे ओसाड माळावर सापडलेली विहीर. पण मी स्वतःला आवरलं.

बसायची वेळ आली. एका टोकाला वसंतराव, मग सुनंदाताई, निखिल, अंकिता, मंगल, आक्का. कडेची खुर्ची उरली. मंगल मला आत ओढत होती, पण माझा गुडघा दुमडून बसला की ठणकतो आणि कडेला पाय पसरता येतो. "दोन तासांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. तिनं हात सोडला. तिसरी घंटा झाली होती.

नाटकाचं नाव सांगत नाही. त्या मंडळींना माझ्यामुळे आणखी त्रास नको. गोष्ट अशी: एका बाईचा नवरा वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलाय. तिनं एकटीनं मुलगी वाढवली. आता मुलीचं लग्न आहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आहे, बाप लग्नाला येणार का? विषय असा, पण लोक हसून हसून खुर्चीवरून पडत होते. बाईचा भाऊ झालेला नट तर असा, की नुसती पिशवीतून मेथीची जुडी काढली तरी टाळी. स्वयंपाकघर हुबेहूब. पडदा न पाडता संध्याकाळची सकाळ झाली, फक्त दिव्यांनी. मी आजवर शेकडो मांडवांत दिवे लावलेले पाहिलेत, पण सकाळ कोणी लावली नव्हती.

"ती बाई खरंच रडतीया रे," आक्का कुजबुजली.

"नटी आहे आक्का."

"असू दे की. डोळं खरं हायेत."

मी पहिला अंकभर योग्य जागी हसलो, योग्य जागी गप्प राहिलो, मोबाईल गाडीत ठेवून आलो होतो. मध्यंतरात सुनंदाताई म्हणाल्या, "अंकिता म्हणाली होती पप्पा बोलके आहेत. तुम्ही तर किती समरसून पाहता हो." अंकितानं माझ्याकडे जितक्या कौतुकानं पाहिलं, तितक्या कौतुकानं तिनं स्वतःच्या बारावीच्या निकालाकडेही पाहिलं नव्हतं. वसंतरावांनी मला बटाटेवडा आणून दिला आणि म्हणाले, "गरम आहे." हे त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.

सगळं ठरल्यासारखंच झालं होतं. फक्त दुसरा अंक बघायचा होता.

दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, आणि समोर मांडव. झेंडूच्या माळा, सनई, अंतरपाट. आणि मधोमध, स्टँडवर, माईक.

मंगलनं आक्काच्या पुढून हात घालून माझं मनगट धरलं.

तो भावाचं काम करणारा नट माईकपाशी आला आणि सत्कार घ्यायला लागला. खेड्यातल्या निवेदकाची नक्कल होती ती. लोक लोळत होते. माझ्या अंगाला मात्र घाम फुटला, कारण तो चुकत होता. त्यानं मामाच्या आधी सरपंचाला पुकारलं. (आमच्याकडे यावरून मांडव उभाच्या उभा रिकामा झालाय.) मग चेअरमनच्या नावाआधी 'माजी' लावलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. एखाद्या आचाऱ्यासमोर कोणी खिरीत मीठ घालतंय आणि त्यानं गप्प बसायचंय, असं ते होतं.

आणि मग तो नट हसू थांबवून मंचाच्या अगदी काठाशी आला. काळोखात, आमच्या दिशेनं बघत म्हणाला, "मुलीकडचे ज्येष्ठ कोणी असतील, त्यांनी पुढं यावं."

कोणी आलं नाही.

"मुलीकडचे ज्येष्ठ. मुलीकडून कोणी आहे का?"

सनई थांबली. सगळं थिएटर चिडीचूप. ती आई पदर मुठीत धरून उभी होती. आता मला माहीत आहे की, हीच त्या नाटकाची सर्वांत मोठी जागा आहे. बाप येत नाही. ती बाई तो रिकामा क्षण सोसते आणि मग स्वतःच पावलं टाकत पुढे येते, मुलीकडची ज्येष्ठ म्हणून. त्या जागेला म्हणे प्रत्येक प्रयोगात लोक डोळे पुसतात.

पण त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की, निवेदकानं दोनदा पुकारलंय, मांडव वाट बघतोय आणि मुलीकडचं कोणी उठत नाही. मुलीकडचा तर मी होतो. पंचवीस वर्षांत मी असा पुकारा कधी वाया जाऊ दिला नाही. कोणी नसलं तर वाढप्याला पुढे केलंय. माझे गुडघे माझ्याआधी उठले.

आक्कानं पिशवी माझ्या हातात कोंबली. "जा की. कवाधरनं बोलावतायत."

मंगलच्या हातात माझ्या सफारीचं टोक आलं होतं. ते निसटलं.

बाजूच्या पायऱ्या चढून मी वर गेलो. दिव्यांत डोळे दिपले. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं हा नाटकाचाच भाग आहे. नटानं माझ्याकडे पाहिलं. आपल्या स्वयंपाकघरात अनोळखी माणूस भाकरी थापताना दिसावा, तसे त्याचे डोळे झाले. पण किती वेळ? अर्धा श्वास. आणि इथे त्या कलावंताला माझा दंडवत. तो शांतपणे म्हणाला, "या. उशीर केलात."

टाळ्यांचा कडकडाट.

मग त्यानं हळूच विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

बहुधा त्यानं मला वाट काढून दिली होती. मी 'शेजारी' म्हणालो असतो, तर त्यानं मला अक्षता देऊन दोन वाक्यांत परत पाठवलं असतं. पण मी खोटं कशाला बोलू?

"वडील," मी म्हणालो.

प्रेक्षागृहानं एकदम श्वास आत घेतला. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ज्याच्या न येण्यावर लेखकानं अख्खं नाटक उभं केलं, तो बाप टक्कल, पांढरी सफारी आणि हातात आक्काची पिशवी घेऊन आला होता. ती आई झालेली नटी तोंडावर पदर धरून गदगदा हलत होती. लोकांना वाटलं रडतेय. मी जवळ होतो. ती हसत होती.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण सत्काराला उठलेला माणूस हात हलवत कसा उतरणार? मी पिशवीतून शाल काढून नटाच्या खांद्यावर घातली, नारळ दिला. फेटाही बांधायला घेतला असता, पण माईक मला हातभर अंतरावर दिसला आणि मी तो उचलला. (तो नकली होता, हे मला नंतर कळलं. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, तो स्वतःच्या बळावर.)

"आजच्या या मंगल प्रसंगी," मी सुरू केलं, आणि एकदा ते सुरू झालं की माझा त्यावर ताबा नसतो. खोडदहून आलेल्या आक्कांचं स्वागत केलं. समस्त पुणेकर रसिकांचं केलं. दारावरच्या गृहस्थांचंसुद्धा केलं. "आणि आपल्या सर्वांच्या वतीनं," मी हात उंचावून म्हणालो, "मी मनःपूर्वक स्वागत करतो आमचे होणारे व्याही वसंतराव आणि विहीणबाई सुनंदाताई यांचं, जे आमच्या अंकितासाठी..."

इथे मला ऐकू आलं, मी काय म्हणालोय ते.

तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, आणि माझं तर साडेसातशे माणसांनी ऐकलं होतं. दिव्यांच्या पलीकडे काळोखात आमची रांग अंधूक दिसत होती. अंकितानं दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं होतं. निखिल उभा राहावं की बसावं, अशा मधल्या अवस्थेत होता. जो होकार चहाच्या पेल्यावर, सवडीनं, विचार करून द्यायचा होता, तो मी मंचावरून परस्पर जाहीर करून टाकला होता. पोरीनं तीन गोष्टी करायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं. मी तिन्ही केल्या होत्या, चार मिनिटांत.

नटानं माझ्या हातातून तो माईक अलगद काढून घेतला. त्याच्या लक्षात सगळं आलं होतं. हे नाटक नव्हतं आणि काळोखात कुठेतरी एक खरी मुलगी बसली होती, हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार. तो मला ढकलून मोकळा होऊ शकला असता. पण अंगावरची शाल सावरत तो काठाशी आला आणि भर मांडवात विचारावं तशा मायेनं म्हणाला, "मुलीकडचं म्हणणं ऐकलं मंडळी. आता मुलाकडच्यांचं काय?"

वर बसलेल्या दिवेवाल्यानंही काय समजायचं ते समजून प्रेक्षागृहातले दिवे थोडे वाढवले. सगळं थिएटर माझ्या नजरेच्या दिशेनं आमच्या रांगेकडे वळलं. शाळेत तीस वर्षं वर्ग गप्प केलेल्या सुनंदाताई स्वतः गप्प झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, अंकिताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

टोकाच्या खुर्चीवरून वसंतराव उठले. दिवसभरात दोन शब्द बोललेला माणूस. त्यांनी पँट वर ओढली, घसा साफ केला आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "आमच्याकडून होकार आहे. पण आधी यांना खाली घ्या, आम्ही तिकीट नाटकाचं काढलंय."